बॉम्बे कॅट ४५ हजारांना, घ्यावी का? (ठाणे)

सोनचाफा (घोडबंदर रोड)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही कासारवडवलीला राहतो, चौदावा मजला, वन बीएचके. मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. लेकीने वर्षभर मांजराचा धोशा लावलाय. सासूबाई म्हणतात, आणायचंच तर चार लोकांनी बघावं असं आणा, गल्लीतला बोका नको. नवरा म्हणतो, आणा, पण सोफा नवीन आहे. म्हणजे परवानगी त्या दोघांची आणि शोधाशोध माझ्या गळ्यात.

ओळखीतून मानपाड्याच्या एका माणसाचा नंबर मिळाला, तो घरातूनच पिल्लं विकतो. त्याने व्हॉट्सॲपवर यादी टाकली: बॉम्बे कॅट ४५ हजार (सोबत "व्हेरी रेअर, मुंबईची ओरिजिनल ब्रीड"), स्कॉटिश फोल्ड ६० हजार, सियामीज २५, पर्शियन डॉल फेस १२, पंच फेस २२. शेवटी "बंगाल ऑर्डरप्रमाणे", त्याची किंमत म्हणे फोनवर.

बॉम्बेचं पिल्लू फोटोत देखणंच आहे, अगदी कोळसा. पण आमच्या पार्किंगमध्ये वॉचमनकाका ज्याला रोज दूध घालतात तो काळ्या आणि हे पिल्लू यांत मला तरी काडीचा फरक दिसत नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ब्रीड आहे, हात लावलात की कळेल." मी हात लावायला जाणार आहे येत्या रविवारी. त्याआधी जाणकारांनी सांगा, अशी जात खरंच असते का? आणि लेक त्या दुमडलेल्या कानांच्या फोल्डवर पार फिदा झालीय. ती आपल्या हवेत टिकते का? पैसे जमतील कसेबसे, पण मूर्ख बनायचं नाहीये.

---

दिवाळेकर (बेलापूर)

ताई, ४५ हजार?? सकाळी होड्या लागतात तेव्हा आमच्या दिवाळ्याच्या जेटीवर या. काळी, पांढरी, भुरी, शेपूट तुटलेली, सगळी व्हरायटी हाय. वर पिशवीभर मांदेली देतो. मुंबईची ओरिजिनल ब्रीड म्हणे! मुंबईचे ओरिजिनल आम्ही, आम्हाला कोण विचारत नाय :)

---

नेरूळची मावशी

सोनचाफा, एकेरीत बोलते, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

बॉम्बे कॅट नावाची जात आहे. पण दिवाळेकर, ती तुमची-आमची नव्हे, मुंबईशी तिचा संबंध नावापुरता. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला निकी हॉर्नर नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९५८ साली गडद तपकिरी बर्मीज आणि काळी अमेरिकन शॉर्टहेअर यांची जोडी जमवायला घेतली. बाईंना हवा होता मांडीवर मावेल एवढा काळा बिबट्या. आणि काळा बिबट्या म्हटला की हिंदुस्थान, म्हणून नाव ठेवलं बॉम्बे. संपलं. सीएफए ही तिकडची १९०६ पासूनची नोंदणी संस्था, तिने १९७६ मध्ये या जातीला स्पर्धेत उतरायला पूर्ण मान्यता दिली.

आता ओळखायची कशी. खरी बॉम्बे मुळापर्यंत काळी असते. पाठीवर फुंकर मारून केस फाकवले तरी खाली राखाडी दिसत नाही. नाक काळं, पंजांच्या गाद्या काळ्या, अंगाला पॉलिश केलेल्या बुटासारखी चकाकी, आणि मोठेपणी डोळे सोनेरी किंवा तांब्याच्या घासलेल्या लोट्यासारखे. तुमचा काळ्या दुपारी बाराच्या उन्हात बसला की नीट बघ. मातकट तांबूस दिसेल, फासळ्यांवर पट्ट्यांची पुसट सावली सापडेल, आणि डोळे बहुधा हिरवे-पिवळे.

पण पिल्लात यातलं धड काहीच कळत नाही. पिल्लांचे डोळे आधी निळेच असतात, खरा रंग मागाहून बसतो. म्हणून कागद बघायचे. कागद म्हणजे सोनेरी किनारीचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट नव्हे, ते जांभळी नाक्यावर कुठलाही प्रिंटिंगवाला करून देईल. पिल्लाच्या आईचा आणि बापाचा नोंदणी क्रमांक, कुठल्या संस्थेचा, आणि तो तू स्वतः त्या संस्थेला मेल करून पडताळायचा. "पेपर नंतर येतील" म्हणाला तर ते येत नसतात. आणि पिल्लाची आई दाखव म्हणायचं. तीस हजारांत सेकंडहँड स्कूटर घेताना आपण आरसी बुक बघतो की नाही?

फोल्डबद्दल वेगळं लिहिते. ते लांबेल. आता कुकर लावायचाय.

---

खारघरचा टकल्या

मावशींना +१. आमच्याकडे स्फिंक्स आहे, म्हणजे बिनकेसांची, नाव शेंगदाणा. १९६६ साली टोरोंटोत एका घरच्या साध्या मांजरीला केस नसलेलं पिल्लू झालं, त्याचं नाव प्रून, तिथून ही गोष्ट सुरू झाली. लोकांना वाटतं केस नाहीत म्हणजे काम नाही. उलट आहे. कातडीतून जे तेल सुटतं ते इतर मांजरांच्या केसांत जिरतं, आमच्या साहेबांचं आमच्या चादरीत जिरतं. जिथे झोपतो तिथे चहाच्या कपासारखं तपकिरी वर्तुळ. दर रविवारी आंघोळ, कानातला काळा मळ काढणं, नखांच्या बेचक्या पुसणं. बायको म्हणते एवढी सेवा माझी केली असतीस तर.

मे महिन्यात खारघरच्या बाल्कनीत अर्धा तास उन्हात बसला आणि पाठ लाल झाली, पोळली चक्क. डिसेंबरात स्वेटर. एसी लावला की थेट माझ्या बनियनमध्ये. आणि "मला ॲलर्जी आहे म्हणून बिनकेसांची घेतो" म्हणणाऱ्यांनो, ॲलर्जी मुख्यतः मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाने होते. माझा मेव्हणा आजही येताना गोळी घेऊन येतो.

पश्चात्ताप नाही. पण आपल्या हवेला सोयीचं म्हणून कुणाला सुचवणार नाही.

---

नेरूळची मावशी

झालं जेवण. आता फोल्ड.

आधी माझी ओळख. ३१ वर्षं मी एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढले. मनगटं, घोटे, खुबे, लोकलमधून पडलेले, रिक्षातून पडलेले. हाडांचा फोटो मला वर्तमानपत्रासारखा वाचता येतो. हे का सांगतेय ते पुढे कळेल.

२०१७ मध्ये मी निवृत्त झाले आणि मुलाने मला "कंपनी" म्हणून फोल्डचं पिल्लू आणून दिलं. ५५ हजार मोजले होते, मला आठ म्हणून सांगितले. राखाडी रंग, तोंड वाटोळं, कान डोक्याला चिकटलेले. मी नाव ठेवलं घुबडी. सेक्टरभर प्रसिद्ध. भाजीवालासुद्धा वर बघून विचारायचा, घुबडी काय करते.

घुबडी बसायची गमतीशीर. मागचे पाय पुढे पसरून, पाठ टेकून, आजोबा जेवल्यावर बसतात तशी. आम्ही हसायचो, फोटो काढून ग्रुपवर टाकायचो. इंटरनेटवरही त्या बसण्याचं केवढं कौतुक! ती ओट्यावर कधी चढली नाही, तर मला वाटलं, काय गुणाची आहे, दुधाच्या पातेल्यात तोंड घालत नाही. अडीच वर्षांची झाली तेव्हा खिडकीतही चढेना. खाली बसून वर बघायची, मागचा भाग दोनदा हलवायची उडी मारायच्या बेतात, आणि मग दुसरीकडेच बघायची, जणू आपल्याला जायचंच नव्हतं.

डॉक्टरांकडे नेली. त्यांनी मागच्या दोन्ही पायांचा एक्स-रे काढला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. घोट्यातल्या दोन हाडांच्या मधे काळी रेघ दिसते, ती सांध्याची जागा. माणसात दिसते तशी मांजरातही दिसते. मी ती रेघ शोधत होते. रेघ नव्हतीच. छोटी हाडं एकमेकांत वितळल्यासारखी, आणि टाचेच्या मागे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा हाडाचा गोळा. असे घोटे मी सत्तरीच्या माणसांचेही फार पाहिले नव्हते. मी विचारलं, हे कधीपासूनचं? डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचं.

मग मी वाचायला बसले. कान का दुमडतो? कारण कानाला ताठ धरणारी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, लेची असते. जनुकातल्या एका बदलाने ती नीट तयार होत नाही. टीआरपीव्ही४ असं त्या जनुकाचं नाव, २०१६ मध्ये ते नक्की झालं. आता कूर्चा काय फक्त कानात असते? गुडघ्यात आहे, घोट्यात आहे, शेपटीच्या मणक्यांमध्ये आहे. तोच बदल सगळीकडे. म्हणजे ज्या गोष्टीचे ५५ हजार दिले तोच तिचा आजार. दुमडलेला कान हे त्या आजाराचं बाहेर दिसणारं टोक.

ही सगळी एका मांजरीपासून आली. १९६१ मध्ये स्कॉटलंडमध्ये कूपर अँगस गावाजवळच्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी मांजर होती, विल्यम रॉस नावाच्या मेंढपाळाच्या नजरेला तिचे कान पडले. दहा-बारा वर्षांतच ब्रिटनच्या जीसीसीएफ संस्थेने फोल्डची नोंदणी बंद करून टाकली. तोवर जात अमेरिकेत पोचली होती आणि तिथे फोफावली. नेदरलँड्समध्ये तिची पैदास करायलाच मनाई आहे. ज्या मुलखात जन्मली तिथे कुणी दारात उभं करत नाही आणि आपण तिला ६० हजार देऊन मानपाड्यात आणतो.

तुझा विक्रेता म्हणेल, "मॅडम, आम्ही फोल्डला फोल्ड लावत नाही, एक पालक सरळ कानाचा असतो." खरं असेलही. दोन फोल्ड एकत्र आले तर पिल्लाचे हाल फार होतात, एकाच पालकाकडून आलं तर कमी आणि उशिरा. पण होतात. माझी घुबडी तशीच, एकाच पालकाकडून आलेली.

दुखण्यावर डॉक्टरांचं औषध चालू आहे, त्याच्यासाठी दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. शेजारच्या काकूंनी मायेने सुचवलं होतं, क्रोसिनचा पाव तुकडा दे. सगळ्यांनी लक्षात ठेवा, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसंही. देवापुढचे दोन पाट आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल लावून मी खिडकीपर्यंत पायऱ्या केल्यात. शी-शूच्या मातीच्या ट्रेची पुढची भिंत सुरी तापवून कापून टाकली, म्हणजे पाय उचलावा लागत नाही. पाट गेले म्हणून देवघरात आता देव वर्तमानपत्रावर बसतात. त्यांची तक्रार नाही.

---

ऐरोली_फोल्डप्रेमी

मावशी, तुमच्या घुबडीबद्दल वाईट वाटलं, पण सगळ्यांना एका मापात मोजू नका. आमचा मोमो चार वर्षांचा आहे, ठणठणीत आहे, चांगल्या ब्रीडरकडचा आहे. कधी लंगडला नाही. अशाने लोक आहेत त्या फोल्ड टाकून देतील.

---

नेरूळची मावशी

टाकून देऊ नका, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. जी घरात आहे तिला सांभाळायचं. मी नवीन विकत घेऊ नका म्हणतेय, कारण आपण घेतो म्हणून पुढची वीण काढतात.

मोमोचं मात्र सांगते. मांजर दुखणं लपवतं. कुत्र्यासारखं कण्हत नाही, नुसतं चढणं सोडून देतं आणि आपण त्याला शहाणं म्हणतो. मी स्वतः रेडिओलॉजीत जन्म घालवून अडीच वर्षं फसले. एकदा त्याची शेपूट बुंध्यापासून टोकापर्यंत हलक्या बोटांनी चाचपून बघा. ओढायची नाही, फक्त वळते का बघायचं. आणि मागच्या घोट्यांचा एक एक्स-रे काढून घ्या. काही निघालं नाही तर मला इथे शिव्या द्या, मी आनंदाने खाईन.

---

ऐरोली_फोल्डप्रेमी

बघतो.

---

चरईकर

सियामीजबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे आहे, अकरा वर्षं. दणकट आहे, पण बडबड फार. पहाटे पाचला बाळ रडल्यासारखं ओरडते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता.

एक गंमत. तिचं ऑपरेशन केलं तेव्हा कुशीवरचे केस काढले होते. परत आले ते चॉकलेटी! मलईच्या रंगाच्या अंगावर पोस्टाच्या पाकिटाएवढा काळपट चौकोन. आई म्हणाली, जंतुसंसर्ग झाला. डॉक्टर हसले.

---

नेरूळची मावशी

चरईकर, तुमच्या आईंना सांगा, तो थर्मामीटर आहे. सियामीजच्या केसांना रंग देणारं जे विकर (एन्झाइम) असतं ते अंगाच्या उबेत कामच करत नाही, जिथे गार लागतं तिथेच करतं. कान, नाक, पाय, शेपूट ही गार टोकं, म्हणून ती गडद. पिल्लं आईच्या पोटात उबेत वाढतात म्हणून जन्मतः पांढरी. तुम्ही कुशीवरचे केस काढले, तिथे वारा लागला, रंग चढला. पुढची कात टाकली की जाईल. आपल्या दमट उकाड्यात सियामीज फिकट राहते, तीच महाबळेश्वरला वाढवली तर गडद होईल.

सोनचाफा, तुझ्या यादीतलं बाकीचं दोन ओळींत. पर्शियन डॉल फेस, पंच फेस ही बाजारातली बोली. पंच म्हणजे नाक आत गेलेलं. त्याला श्वास घेताना घरघर, डोळ्यांतून सतत पाणी, रोज पुसायचं. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्याचं जनुक २००४ मध्ये सापडलं, चाचणी करता येते. आईबापांची चाचणी किंवा निदान सोनोग्राफी केलीय का विचार. विक्रेता फोन ठेवेल.

आणि "बंगाल ऑर्डरप्रमाणे" वाचून मी चष्मा पुसला. बंगाल ही लेपर्ड कॅट या जंगली मांजरापासून अमेरिकेत काढलेली जात, घरगुती मांजराशी संकर करून. कित्येक पिढ्या पुढची असेल तर घरगुतीच म्हणायची. पण "ऑर्डरप्रमाणे" म्हणून कुणी जंगलातलं ठिपक्यांचं पिल्लू हातात ठेवलं तर? लेपर्ड कॅट आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या बरोबरीने. येऊरचं जंगल तुमच्यापासून फार लांब नाही, असली चेष्टा नको.

---

दिवाळेकर (बेलापूर)

मावशी, तुम्ही एवढं सांगताय तर आमच्या भुरीची जात सांगा. पट्टा नाय, ठिपका नाय, सगळी वाळूच्या रंगाची. पण जवळून बघितलं तर एकेका केसाला दोन-तीन रंग, सशासारखे. फक्त कपाळावर एम आणि शेपटीचं टोक काळं. जाळी शिवायला बसलो की ढिगाऱ्यात बसते, दिसतच नाय. दोनदा पाय पडलाय माझा.

---

नेरूळची मावशी

दिवाळेकर, बसा खाली आणि ऐका.

अशा केसांची एक नामांकित जात आहे, ॲबिसिनियन. तिची कथा अशी सांगतात की १८६८ च्या ॲबिसिनियाच्या, म्हणजे आताच्या इथिओपियाच्या, मोहिमेवरून परतताना इंग्रजांनी ती तिकडून नेली. पण नेदरलँड्समध्ये लायडनच्या संग्रहालयात तसंच एक पेंढा भरलेलं मांजर आहे, १८३० च्या दशकात घेतलेलं, म्हणजे त्या मोहिमेच्या तीसेक वर्षं आधीचं. त्याच्या पाटीवर मूळ ठिकाण लिहिलंय इंडिया. अलीकडे मांजरांच्या जनुकांची जुळणी केली तेव्हाही बोट हिंदी महासागराच्या किनाऱ्यांकडेच गेलं. आणि ती १८६८ ची फौज सुटली होती कुठून? मुंबईहून. मुख्यतः मुंबई इलाख्याचं सैन्य होतं ते, आगबोटीत भरून नेलेलं. बोटीवर उंदीर असतात आणि उंदरांमागे मांजरं, एवढंच म्हणते, पुढचं तुम्ही जोडा.

म्हणजे जिचं नाव बॉम्बे ती केंटकीची, आणि जिचं नाव ॲबिसिनियन तिचे भाऊबंद तुमच्या जाळ्यात झोपतात. भुरीला ॲबिसिनियन म्हणून विकायला मात्र जाऊ नका हं. जात म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची लिहिलेली वंशावळ, आणि तुमच्या भुरीचा बाप कोण ते तिलाही सांगता यायचं नाही.

---

दिवाळेकर (बेलापूर)

बाप शेजारच्या होडीवरचा. सगळ्या गावाला ठाव हाय.

---

सोनचाफा (घोडबंदर रोड)

सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आले, वृत्तांत देते.

त्याने वर घरी बोलावलंच नाही. गेटवर खाली घेऊन आला, बुटांच्या खोक्यात. मी म्हटलं, आई बघायची आहे. म्हणे आई आजारी आहे. बाप? बाप "पार्टनरकडे पनवेलला". मग मावशी, पिल्लात धड कळत नाही म्हणालात तरी काळ्याबद्दलचं तुमचं ऐकून मी पिल्लू उचललं आणि वॉचमनच्या केबिनबाहेर उन्हात नेलं. पाठ तांबूस! अगदी दिवाळीच्या पणतीसारखी. कुशीवर पट्टेही दिसले, लेकीने बोटाने मोजले, चार. तो म्हणाला, उन्हामुळे तसं वाटतं मॅडम. मी म्हटलं, हो, म्हणूनच उन्हात आणलं.

तिथल्या तिथे ४५ चे ३० झाले, गाडीत बसेपर्यंत १८. रस्त्यात मेसेज आला, "लास्ट १२". सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, बारा बरे आहेत गं. मी गप्प बसले.

पिल्लू फार छोटं होतं हो. दात जेमतेम आलेले, खोक्यात भाताची शितं वाळलेली. त्याचं काय होईल हा विचार जात नाही डोक्यातून. पण घेतलं असतं तर त्याने पुढच्या आठवड्यात दुसरं आणलं असतं, हेही कळतंय. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फोल्डचा हट्ट मात्र सुटला, मावशींचं घुबडीचं तिला वाचून दाखवलं. पाटांच्या पायऱ्यांचं ऐकून तिने विचारलं, मग घुबडीला कबुतरं दिसतात का?

आता साधंच मांजर घ्यायचं ठरतंय. तयारी काय करू?

---

नेरूळची मावशी

दिसतात. सकाळी साडेसातला येऊन बसते, मी चहा घेते, ती दात कटकटवते. लेकीला सांग.

तयारी म्हणजे खिडक्यांना जाळी, बाकी सगळं नंतर. चौदावा मजला आहे, मांजर कबुतर बघून झेपावताना मजला मोजत नाही. डासांची जाळी लावून समाधान मानू नकोस, ती नखाने फाटते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी, चारी बाजूंनी हूक मारून, आणि बाल्कनीची फट तळाशीही बंद. आमच्याकडच्या जाळीवाल्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करते, ठाण्यात येतो.

पिल्लू बारा आठवडे आईजवळ राहू दे, अगदीच नाही तर आठ. त्याआधी उचललेलं पिल्लू चावरं होतं. पहिल्या भेटीत जंताचं औषध, मग लसी, तीन आजारांवरची एकत्र मिळते ती आणि रेबीजची. सहा महिन्यांच्या आसपास नसबंदीचं ऑपरेशन. आणि दूध नको, बहुतेकांना पचत नाही. वॉचमनकाकांनाही सांग.

सोफ्याचं काही करता येणार नाही. नवऱ्याच्या मनाची तयारी कर.

---

दिवाळेकर (बेलापूर)

ताई, योग बघा. भुरी काल रात्री व्याली, आमच्या जुन्या होडीच्या तळात. चार हायत. दोन भुरी, एक पांढरं ठिपकेवालं आणि एक काळं कुळकुळीत. डोळे मिटलेले अजून. मावशी म्हणतात तसं बारा आठवडे ठेवतो, तोवर तुमची जाळी होईल.

---

सोनचाफा (घोडबंदर रोड)

दादा!! काळं आमचं. लेक शेजारी उड्या मारतेय, विचारते, त्याचे कान कसे आहेत?

---

दिवाळेकर (बेलापूर)

कालचीच पिल्लं हायत, आत्ता चौघांचेही कान दुमडलेलेच. साठ हजार लावू का ताई?